वाटी केवढी, चमचा किती भरलेला? रोजच्या अन्नाचे प्रमाण आणि उष्मांक ओळखण्याची रीत

नवी दिल्ली : रक्तातील साखर वाढलेली दिसली की दवाखान्यातून बाहेर पडताना बहुतेकांच्या हाती एकच सल्ला येतो, 'खाणे कमी करा.' घरी परतल्यावर मात्र प्रश्न उभा राहतो तो 'कमी' म्हणजे नेमके किती, हा. एक पोळी कमी करायची की भाताची वाटी अर्धी करायची? वरणावरचे तूप सोडायचे की संध्याकाळचा चिवडा? शहाण्यासुरत्या माणसालाही याचे उत्तर चटकन देता येत नाही, कारण आपण जे जेवतो त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, प्रमाण ठाऊक नसते. पानात काय आहे हे डोळ्यांना दिसते. किती आहे हे ओळखायला डोळ्यांना शिकवावे लागते.

हे शिक्षण आज का आवश्यक झाले आहे, हे सार्वजनिक आरोग्याची आकडेवारी सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने म्हणजे 'आयसीएमआर'ने अर्थसाहाय्य केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडियाब' अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनाच्या किंवा स्थूलतेच्या गटात आढळले. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित आहे, असे हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहे.

अंदाज चुकतो तो कुठे?

माणूस स्वतःच्या खाण्याचा हिशेब करताना हमखास चुकतो, आणि ही चूक बहुधा एकाच बाजूला होते. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास या संदर्भात आजही उद्धृत केला जातो. 'आम्ही अगदी थोडे खातो, तरी वजन उतरत नाही' अशी तक्रार असणाऱ्या व्यक्तींची त्यात तपासणी झाली. त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होता, तर सांगितलेली शारीरिक हालचाल प्रत्यक्षापेक्षा ५१ टक्क्यांनी अधिक होती. ही मंडळी खोटे बोलत होती असे नव्हे. येता-जाता तोंडात टाकलेले दाणे, मुलाच्या ताटात उरलेला घास, चहातील दुसरा चमचा साखर या गोष्टी 'जेवण' म्हणून मनात नोंदल्याच जात नाहीत.

भारतीय स्वयंपाकघरात या चुकीला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे वाटी हे माप आहे आणि वाटीलाच माप नाही. एका घरातील वाटीत १०० मिलिलिटर पाणी मावते, तर शेजारच्या घरातील वाटीत २०० मिलिलिटर. 'एक वाटी भात' हे दोन्ही घरांत खरेच असते, पण पोटात जाणारा भात दुपटीने वेगळा असतो. पोळीचेही तसेच. दिल्लीकडचा फुलका, महाराष्ट्रातील तेल लावून घडी घातलेली पोळी, पंजाबातील पराठा आणि सोलापूरकडची थापलेली भाकरी यांची गणना 'एक' अशीच होते. आहार सर्वेक्षणासाठी घरोघरी जाणारे पोषणतज्ज्ञ प्रमाणित मापांच्या वाट्यांचा संच सोबत नेतात, तो याच कारणाने.

उष्मांकाचे साधे गणित

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. आहाराच्या चर्चेत तिलाच आपण उष्मांक किंवा नुसते 'कॅलरी' म्हणतो. एक ग्रॅम कर्बोदकांपासून सुमारे ४, एक ग्रॅम प्रथिनांपासून सुमारे ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ उष्मांक मिळतात. ४, ४ आणि ९ हे तीन आकडे लक्षात राहिले, तरी रोजच्या पानातील अर्धे कोडे सुटते. तेल-तुपाचा चमचा एवढा जड का आणि काकडीची कोशिंबीर एवढी हलकी का, याचे उत्तर त्यातच आहे. तेल जवळजवळ शंभर टक्के स्निग्ध असते, तर काकडीत बहुतांश पाणीच असते.

शंभर उष्मांक नेमके कशात आणि किती, हे शेजारी-शेजारी मांडले की फरक डोळ्यांत भरतो. अडीच छोटे चमचे तेल, पाच सपाट चमचे साखर, सुमारे २० ग्रॅम शेंगदाणे, साधारण २८ ग्रॅम कोरडे तांदूळ, दीडशे ग्रॅमहून थोडे अधिक सफरचंद आणि अर्धा किलो टोमॅटो, या साऱ्यांची ऊर्जा जवळपास सारखीच. तेल कढईत दिसेनासे होते. अर्धा किलो टोमॅटो मात्र एका बैठकीत संपवणे कठीण. पोट भरल्याची जाणीव मुख्यतः आकारमानावर, पाण्यावर आणि तंतुमय घटकांवर अवलंबून असते. म्हणूनच भाज्या वाढवून उष्मांक घटवता येतात आणि उपाशीही राहावे लागत नाही.

कोरडे वजन, शिजलेले वजन

नवशिक्याची सर्वाधिक फसगत होते ती कच्च्या आणि शिजलेल्या अन्नाची गल्लत झाल्यामुळे. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३५० उष्मांक असतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात मात्र १२० ते १३०. तांदूळ तोच, पण शिजताना पाणी शोषून त्याचे वजन अडीच ते तीन पट होते. १५० ग्रॅम भाताची वाटी म्हणजे सुमारे ५० ग्रॅम तांदूळ, अर्थात १७५ उष्मांक. डाळीचेही असेच आहे. वाटीभर पातळ वरणात जेमतेम २५ ग्रॅम डाळ असू शकते, तर घट्ट वरणात तिच्या दुप्पट. वरण खाल्ले म्हणजे प्रथिने पुरेशी मिळाली, हा समज त्यामुळे अनेकदा फोल ठरतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेले २,००० उष्मांकांचे दिवसभराचे ताट या दृष्टीने वाचायला हवे. त्यात २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांसाहार, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम सुकामेवा व तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप आहे. ही धान्ये आणि डाळी कच्च्या वजनात मोजलेल्या आहेत. २५० ग्रॅम धान्य म्हणजे २५ ग्रॅम कणकेचे सहा फुलके आणि वर उल्लेखलेल्या भाताच्या दोन वाट्या. सकाळचे पोहे किंवा उपमा याच हिशेबात येतात, हे विसरता कामा नये. दिवसाच्या ऊर्जेतील धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे संस्थेचे म्हणणे आहे. आपल्या अनेक घरांत तो याहून बराच मोठा असतो.

पान तेच, हिशेब वेगळा

प्रमाणाचा खेळ समजण्यासाठी दुपारचे एक साधे जेवण पुरेसे आहे. ३५ ग्रॅम कणकेच्या आणि चमचाभर तेल लावलेल्या दोन घडीच्या पोळ्यांचे सुमारे ३०० उष्मांक होतात. सपाट वाटी भाताचे १७५, पातळ वरणाच्या वाटीचे ८५, त्यावरच्या छोट्या चमचाभर तुपाचे ४५, दोन चमचे तेलात परतलेल्या भाजीचे १२० आणि काकडीच्या कोशिंबिरीचे २५ धरले, तर एकूण ७५० उष्मांक भरतात.

आता पदार्थ तेच ठेवून वाढणारा हात थोडा सैल सोडू. भाताची वाटी शिगोशीग भरली, तर १२५ उष्मांक वाढले. छोट्या चमच्याऐवजी मोठ्या चमच्याने तूप पडले, की आणखी ९० वाढले. भाजीत दोनाऐवजी चार चमचे तेलाचा वाटा आला, तर ८० आणि कोशिंबिरीत दाण्याचा कूट पडला, तर ५५ वाढले. बेरीज ७५० वरून १,१०० वर गेली. जेवणाऱ्याला विचारले, तर दोन्ही दिवशी तो एकच उत्तर देईल : 'दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण, भाजी, कोशिंबीर.'

हे वाढीव ३५० उष्मांक किती मोठे, हे गरजेशी ताडून पाहिल्यावर कळते. 'आयसीएमआर'च्या २०२० च्या निकषांनुसार ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० आणि ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे २,११० उष्मांक लागतात. म्हणजे त्या स्त्रीच्या दिवसभराच्या गरजेपैकी दोन तृतीयांश भाग एका दुपारीच भरला. ६५ किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालली, तर जेमतेम ११० ते १२० उष्मांक खर्च होतात. 'थोडे जास्त झाले, संध्याकाळी चालून भरून काढू' हा हिशेब म्हणूनच सहसा जुळत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. अवजड शारीरिक कष्ट करणाऱ्या पुरुषाची गरज सुमारे ३,४७० उष्मांकांपर्यंत जाते. गर्भवतीला नेहमीच्या आहारापेक्षा सुमारे ३५०, तर बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत स्तनदा मातेला सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या गृहिणीच्या बाबतीत प्रमाण ओळखणे म्हणजे कमी खाणे नव्हे. तिच्या पानात डाळ, दूध, भाजी पुरेशी पडते की नाही, हे पाहणेही त्यातच येते.

न दिसणारे उष्मांक

पोळी मोजता येते, पण तिला लावलेले तेल मोजले जात नाही. २७ ग्रॅम तेल-तूप म्हणजे दिवसाला सुमारे सहा छोटे चमचे. घरात किती तेल लागते, हे पाहण्याची सोपी रीत महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत आहे. चार प्रौढांच्या घरात या प्रमाणानुसार महिन्याला सुमारे सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर तेल-तूप पुरे होते, आणि बाहेरच्या वडे-भज्यांतील तेलही त्यातच धरायचे असते. आपल्या घरात पाच-पाच लिटरचा डबा महिन्याला संपत असेल, तर उत्तर वेगळे शोधण्याची गरज नाही. स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मधील 'मन की बात'मध्ये खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. घरगुती पातळीवर ते पाळायचे, तर पहिले पाऊल म्हणजे तेल बुधलीतून थेट न ओतता चमच्याने मोजून घालणे.

दुसरी न दिसणारी जागा चहाची. अर्धे दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या दीडशे मिलिलिटर चहात गाईचे दूध असेल तर ९५, म्हशीचे असेल तर १२० च्या आसपास उष्मांक असतात. दिवसाचे चार कप झाले, की जवळपास अर्ध्या जेवणाची ऊर्जा 'मी काहीच खाल्ले नाही' या खात्यात जमा होते. शेव-फरसाणाचा ३० ग्रॅमचा मूठभर वाटा सुमारे १६५ उष्मांकांचा असतो. मिसळीवर तो पडतो, इंदूरच्या पोह्यांवर पडतो आणि वर्तमानपत्र वाचता वाचता नुसताही संपतो.

उपवासाचीही हीच कथा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम शेंगदाण्यांचा कूट, दोन चमचे तूप आणि थोडा बटाटा एवढ्या सामग्रीत झालेल्या खिचडीच्या एका बशीचे उष्मांक ४५० च्या जवळ जातात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने मधुमेही व्यक्तीने उपवासाच्या दिवशी तो पोटभर खाणे हे साखरेच्या दृष्टीने अधिक जोखमीचे ठरते.

वेष्टनावरचे आणि फलकावरचे आकडे

पाकिटबंद पदार्थांवर पोषणमूल्ये छापणे बंधनकारक आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ती १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे दिली जातात, तसेच एका वाढणीतून प्रौढाच्या २,००० उष्मांकांच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, हेही सांगितले जाते. गोम आहे ती 'एका वाढणी'च्या व्याख्येत. समजा, बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये ४८० उष्मांक आहेत आणि उत्पादकाने एक वाढणी २५ ग्रॅमची मानली आहे. वेष्टनावर १२० हा आकडा सौम्य वाटतो; पण चहासोबत ७५ ग्रॅमचा पुडा संपला, तर पोटात ३६० गेलेले असतात. म्हणून आधी पाकिटाचे एकूण वजन, मग १०० ग्रॅममागचे उष्मांक आणि शेवटी वाढणीचा आकार, या क्रमाने वेष्टन वाचणे हिताचे.

केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांसमोर प्रतिवाढणी उष्मांक दर्शवणे आवश्यक आहे. कोपऱ्यावरच्या खाणावळीला किंवा हातगाडीला हा नियम लागू नाही. तेथे नजर हेच साधन. रश्शावर तरंगणारी तर्री, ताटात उरलेला तेलाचा ओघळ, तळणीचा कागदावर उमटलेला डाग या खुणा पुरेशा बोलक्या असतात.

डोळा तयार करण्याचा आठवडा

हे सारे शिकण्यासाठी आयुष्यभर तराजू घेऊन जेवायला बसण्याची गरज नाही. आठवडाभराचा सराव बराच उपयोगी पडतो. पहिल्या दिवशी घरातील रोजची वाटी, डाव आणि चमचा मापून घ्यावेत. औषधाच्या मापाने किंवा मापाच्या पेल्याने पाणी भरले, की वाटी किती मिलिलिटरची हे कळते. पोळीचे वजन काढायला तर तराजूही लागत नाही. एक किलो कणकेच्या २८ पोळ्या होत असतील, तर एका पोळीत सुमारे ३६ ग्रॅम कणीक आहे. ४० होत असतील, तर २५ ग्रॅम. शंभर ग्रॅम गव्हाच्या कणकेचे सुमारे ३२० ते ३४० उष्मांक धरून पुढचा हिशेब करता येतो. ज्वारीच्या पिठाचा आकडाही जवळपास तेवढाच आहे. त्यामुळे ९० ग्रॅम पिठाच्या मोठ्या भाकरीत ३०० उष्मांक असतात. 'पोळी सोडून भाकरी धरली' एवढ्याने हिशेब बदलत नाही. चतकोर की अर्धी की अख्खी, हे ठरवावे लागते.

पुढचे काही दिवस 'आधी अंदाज, मग वजन' हा क्रम ठेवावा. पानात भात वाढून झाल्यावर तो किती ग्रॅम असेल हे मनाशी ठरवायचे आणि मग स्वयंपाकघरातील साध्या काट्यावर तपासायचे. पहिल्या दिवशी पन्नास-साठ ग्रॅमची चूक सहज होते. सरावाने ती कमी होत जाते. त्यानंतर हातही मापाचे काम करू शकतो. बंद मूठ भाताच्या वाढणीसाठी, बोटे वगळून तळहात मासळी-पनीरच्या तुकड्यासाठी, तर ओंजळीतील एका हाताचा खळगा दाण्यांसाठी वापरता येतो. स्वतःच्या हाताचे माप मात्र आधी एकदा काट्यावर पारखून घ्यावे.

भांड्यांचा आकारही दुर्लक्षिण्याजोगा नाही. मोठी वाढणी, मोठे पाकीट किंवा मोठे भांडे समोर आले की माणूस अधिक खातो, असा निष्कर्ष अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेच्या २०१५ मधील अहवालात काढण्यात आला होता. भाताला लहान वाटी आणि भाजीला मोठी वाटी, एवढा साधा बदलही त्यामुळे परिणाम करू शकतो. ताटाचा अर्धा भाग भाज्या-फळांनी भरल्यानंतर उरलेल्या अर्ध्यात धान्य आणि डाळ वाढायची, ही रीत आकडे न आठवणाऱ्यालाही पाळता येते. पंगतीतील आग्रह हा आपल्या पाहुणचाराचा भाग आहे. पण मधुमेही पाहुण्याला दुसऱ्यांदा भात न वाढणे हाही आदरच मानायला हवा.

मर्यादा आणि सावधगिरी

उष्मांक हे अन्नाचे एकमेव मोल नव्हे. मूठभर शेंगदाण्यांतून आणि तेवढ्याच उष्मांकांच्या सरबतातून मिळणारी ऊर्जा सारखी असली, तरी एकात प्रथिने आणि तंतुमय घटक असतात, दुसऱ्यात केवळ साखर. वाणानुसार, शिजवण्याच्या पद्धतीनुसार आकड्यांत पाच-दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. त्यामुळे प्रत्येक घासाचा काटेकोर जमाखर्च मांडण्यापेक्षा भात, तेल, साखर आणि फरसाण या चार ठिकाणचा अंदाज अचूक करणे अधिक फलदायी ठरते. दर पंधरवड्याला कंबरेचा घेर मोजला, तर अंदाज बरोबर आहे की नाही, हे शरीरच सांगते. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी मनानेच जेवण घटवले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी, डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच बदल करावेत. वाढत्या वयाच्या मुलांसमोर उष्मांकांचा सतत जप करणे टाळलेलेच बरे. त्यांच्या मनात अन्नाविषयी भीती नव्हे, ओळख निर्माण व्हायला हवी.

ही ओळख आपल्या स्वयंपाकघराला मुळात परकी नव्हती. चिमूट, पसा, ओंजळ, चतकोर, नितकोर असे प्रमाणवाचक शब्द मराठीत पिढ्यानपिढ्या वापरात आहेत, आणि किती माणसांना किती तांदूळ लागतील, हे अनुभवी हात भांडे न पाहता सांगत आले आहेत. बदलले आहे ते जगणे. अंगमेहनत घटली, तेल-साखर मुबलक झाली आणि माप हातातून सुटले. दवाखान्यातून 'खाणे कमी करा' असा सल्ला घेऊन घरी परतलेल्या माणसाला वाटीचे माप, पोळीचे वजन आणि तेलाचे चमचे सांगता आले, तर पुढच्या भेटीत डॉक्टरही त्याला केवळ 'कमी' न म्हणता 'किती' ते सांगू शकतील.